शेड बंद, तरीही गंधकाचा वास

पार्श्वभूमी

शोभाताईंचं वय तेव्हा 38. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) सासर तासगाव तालुक्यात. घरची द्राक्षबाग, आणि चुलत दिरांसोबत भागीत एक बेदाणा शेड. घरात नवरा, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि धाकटा मुलगा. घर माळकरी, तीन पिढ्यांत कुणी मांसाला हात लावलेला नाही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

मी त्याच भागात जनरल प्रॅक्टिस करतो. वासाची किंवा चवीची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला फिटचा आजार असू शकतो, हे आपल्याकडे फार उशिरा सुचतं, म्हणून हे प्रकरण लिहितो आहे. शोभाताईंच्या बाबतीत सात महिने गेले. त्या काळात त्यांना तपासणाऱ्या कुणी हयगय केली असं मला वाटत नाही. दर वळणावर पटण्यासारखं दुसरं एक कारण समोर हजर होतं, आणि हीच या प्रकरणातली खरी अडचण होती.

बेदाण्याचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढायची, शेडमधल्या जाळीच्या रॅकवर पसरायची, वाळली की झाडून, धुऊन, निवडून घ्यायची. पिवळा रंग हवा असेल तर बंद खोलीत गंधक जाळून धुरी देतात. त्या दिवसांत शेडच्या आसपास गंधकाचा वास असतोच, कुणाला त्याचं नवल वाटत नाही. शोभाताई निवडणीच्या बायकांवर देखरेख करायच्या.

आणखी एक गोष्ट. 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत त्यांना कोविड झाला होता. तीनेक आठवडे वास पूर्ण गेला होता, मग परत आला.

तक्रार

मार्च 2022 मध्ये, ऐन हंगामात, त्या जावेला म्हणाल्या, "मधूनच गंधक जळल्यागत वास येतो बघ. तोंडात लोखंड चाटल्यागत होतं, आणि पोटातनं काहीतरी वर चढतं." जाऊ म्हणाली, शेडमध्ये गंधक जळतंय तर वास येणारच की.

एप्रिलमध्ये कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवलं. दुर्बिणीतून नाक पाहिलं, सायनसचा सीटी स्कॅन झाला. नाकाचा पडदा थोडा वाकडा निघाला, तसा तो अनेकांचा असतो. कोविडनंतर वास बिघडतो हे तोवर सगळ्यांना माहीत झालेलं होतं. नाकात मारायचा स्प्रे मिळाला, आणि धुरीच्या खोलीपासून लांब राहायचा सल्ला. पुढचे काही आठवडे वास आला नाही, तेव्हा सल्ला लागू पडला असंच घरच्यांना वाटलं. फिटचे झटके असे अंतराअंतराने घोळक्याने येतात, मध्ये काही दिवस पूर्ण शांत जातात. त्या शांत दिवसांचं श्रेय मग शेवटच्या औषधाला जातं.

तोंडाच्या चवीसाठी दातांच्या डॉक्टरांकडे दात साफ करून झाले. पोटातून वर चढतं म्हणून ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू झाल्या.

जुलैत मात्र शेड बंद होती. रॅक रिकामे, धुरीच्या खोलीला कुलूप. आषाढीच्या आसपास शोभाताई स्वयंपाकघरात भाकरी करत होत्या आणि तोच वास आला. त्यांनी गॅसची नळी तपासली, जावेला बोलावलं. जावेला काहीच वास येईना. थोड्या वेळाने त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं, आणि तो विषय तिथेच राहिला. सासूबाईंना बाहेरचं काही असेल अशी शंका आली, त्यांनी देवऋष्याकडून अंगारा आणला. शोभाताईंनी तो मुकाट्याने लावला आणि त्यानंतर वासाबद्दल घरात बोलणंच बंद केलं. लोक वेडं समजतील ही भीती होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

शेवटी ही गोष्ट धसाला लावली ती मुलीने. सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे बागेत छाटणीची धांदल, घरातली मोठी माणसं दिवसभर शेतात. आई मधूनच "हरवते", हाक मारली तर ओ देत नाही, हे मुलीच्या लक्षात आलं होतं. एका संध्याकाळी तिने मोबाईलवर व्हिडिओ काढला.

दिवाळीच्या आठवड्यात फराळासाठी सलग दोन रात्री जागरण झालं. तिसऱ्या रात्री झोपेतच शोभाताईंना मोठी आकडी आली. अंग ताठ झालं, मग हातपाय झडले, तोंडाला फेस आला. नवऱ्याने कांदा फोडून नाकाशी धरला, शेजाऱ्यांनी चप्पल हुंगवली, कुणीतरी दातांत चमचा घातला. चमच्याने पुढच्या दाताचा टवका उडाला. सकाळी ते माझ्याकडे आले.

वास हाच झटका

नवरा सांगत होता ती रात्रीची आकडी. शोभाताई गप्प होत्या. मी विचारलं, याआधी काही वेगळं जाणवत होतं का? तेव्हा मुलीने मोबाईल पुढे केला.

व्हिडिओ सव्वा मिनिटाचा आहे. शोभाताई मेथी निवडत बसल्या आहेत. हात थांबतो, नजर समोर खिळते. दोन-तीनदा आवंढा गिळतात, मग ओठ चाटल्यासारखे, काही चघळल्यासारखे हलतात. उजव्या हाताची बोटं एकच काडी पुन्हा पुन्हा चुरगळतात, डावा हात मनगटात वळून अवघडल्यासारखा पडून आहे. मुलगी "आई, ए आई" म्हणते, उत्तर नाही. शेवटी त्या मान वळवतात आणि विचारतात, "किती शिट्ट्या झाल्या गं?" कुकर गॅसवर नव्हताच.

हा व्हिडिओ पाहिल्यावर मी वासाबद्दल विचारलं आणि सात महिन्यांचं सगळं बाहेर आलं.

वासाची जाणीव ज्या भागात होते तो मेंदूच्या टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानाच्या बाजूच्या भागाच्या, आतल्या बाजूला आहे. अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जवळचा संबंध असलेला भाग, तिथे अगदी लागून, आणि आठवणींचं काम करणारा हिप्पोकॅम्पसही शेजारीच. चवीची जाणीव जिथे होते तो इन्सुला हा भागही लांब नाही. या ठिकाणी विजेचा गोंधळ सुरू झाला की बाहेर काहीही नसताना वास येतो. बहुतेक वेळा तो घाणच असतो: रबर जळाल्याचा, गंधकाचा, सडक्याचा. सोबत धातूची चव, पोटातून वर चढणारी लाट, उगाचची भीती, किंवा हे सगळं आधी घडून गेलंय असं वाटणं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन यांनी अशा झटक्यांचा एक वेगळा गटच मांडला. मेंदूच्या ज्या उंचवट्यावरून त्यांनी त्या गटाला नाव दिलं, त्याला अन्कस म्हणतात.

रुग्णाला मी हे समजावलं ते उसाच्या फडाच्या दाखल्याने. आग एका कोपऱ्यात लागते. ती तिथेच विझली तर फक्त वास येतो. थोडी पुढे सरकली तर माणूस हरवतो, ओठ चाटतो. सगळा फड पेटला तर मोठी आकडी. तिन्ही वेळा आग तीच. वासाला पूर्वसूचना म्हणायची पद्धत आहे, पण वास येतो तेव्हा छोटा झटका सुरू झालेलाच असतो. हे शोभाताईंना कळलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मी वेडी न्हाई ना?"

दुसरी कारणं का मागे पडली

सगळा निर्णय चार प्रश्नांवर झाला. वास किती वेळ टिकतो? दरवेळी तोच असतो का? कशामुळे सुरू होतो? नंतर काय होतं?

कोविडनंतर बिघडणारा वास बहुधा खऱ्या वासामुळे सुरू होतो. कांदा परतला, कॉफी उकळली की ती सडक्यासारखी वाटते, आणि त्रास तासन्‌तास राहतो. शोभाताईंचा वास अचानक यायचा, मिनिटभरात जायचा, आणि दरवेळी हुबेहूब तसाच असायचा. सायनसची घाण दिवसभर येते. अर्धशिशीतही खोटे वास येतात, पण ते बराच वेळ टिकतात आणि मागून डोकं ठणकतं. मेट्रोनिडाझोलसारख्या काही औषधांनी तोंड कडू किंवा धातूसारखं होतं, ते मात्र औषध चालू असेपर्यंत सतत. खरा गंधकाचा धूर तर घशाला आणि डोळ्यांना झोंबतो, खोकला येतो, शेजारच्यालाही कळतो. शोभाताईंच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नव्हतं, आणि शेजारी बसलेल्याला कधी वास आला नव्हता. हंगामात हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण शेजारी सगळेच गंधकात बसलेले होते.

समोरचे पर्याय

पहिला प्रश्न, औषध लगेच सुरू करायचं की तपासण्यांची वाट बघायची? नवऱ्याचं म्हणणं, एकदाच आकडी आली, जागरणाने आली असेल, थोडं थांबू. आयुष्यात एकच आकडी आली असती तर या म्हणण्याचा विचार करता आला असता. पण वासाचे आणि हरवण्याचे झटके धरले तर ही पहिली नव्हतीच, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता. मी त्याच आठवड्यात मिरजेला न्यूरोलॉजिस्टकडे चिठ्ठी दिली. मिरज म्हणजे आमच्या भागातल्या प्रत्येक अवघड दुखण्याचं ठिकाण, तेव्हा घरातूनही विरोध झाला नाही.

दुसरा प्रश्न ईईजीचा, म्हणजे डोक्याला तारा लावून घेतल्या जाणाऱ्या मेंदूतल्या विजेच्या नोंदीचा. पहिला ईईजी नॉर्मल आला. घरात लगेच चर्चा सुरू झाली, मेंदू चांगला आहे म्हणजे मानसिक असेल. इथे अनेक रुग्ण उपचारातून निसटतात. अर्ध्या तासाच्या ईईजीत त्या अर्ध्या तासापुरतंच दिसतं, आणि डोक्याच्या कातडीवर लावलेल्या तारांपासून टेम्पोरल लोबचा आतला भाग लांब पडतो. तिथला छोटा झटका चालू असतानासुद्धा वर काही न उमटणं शक्य आहे. न्यूरोलॉजिस्टनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि निदान कायम ठेवलं. रात्री जागवून, झोपेत काढलेल्या दुसऱ्या ईईजीत उजव्या टेम्पोरल भागात दोष दिसला.

तिसरा प्रश्न स्कॅनचा. घरात एप्रिलचा सीटी होता आणि पुन्हा स्कॅन कशाला, असा रास्त सवाल होता. पण तो सायनसचा सीटी होता, मेंदूचा नव्हे. वासाचे झटके नव्याने सुरू झाले तर त्या जागी गाठ नाही ना, हे पाहावंच लागतं. फिटच्या आजारासाठी हिप्पोकॅम्पसचे बारीक काप घेणारा एमआरआय सांगावा लागतो, चिठ्ठीवर नुसतं "एमआरआय ब्रेन" लिहून भागत नाही. एमआरआयमध्ये उजव्या टेम्पोरल लोबच्या आतल्या बाजूला जेमतेम काही मिलिमीटरचा ठिपका दिसला, आणि मेंदूच्या सीटीत तो कॅल्शियम साचलेला असल्याचं नक्की झालं. भोवती सूज नव्हती. न्यूरोलॉजिस्टच्या मते ही न्यूरोसिस्टिसरकोसिसची, म्हणजे पट्टकृमीमुळे मेंदूत होणाऱ्या गाठींच्या आजाराची, जुनी, मेलेली गाठ असण्याची शक्यता सर्वांत जास्त. भारतात फिटच्या आजारामागे हे नेहमीचं कारण आहे.

"आम्ही माळकरी, आणि हा आजार?"

या निदानाने घर हादरलं. कुणीतरी मोबाईलवर वाचून सांगितलं की हा डुकराच्या मांसातला किडा. सासूबाईंनी दोन दिवस सुनेशी बोलणं टाकलं. ऐन उपचारात घर फुटायची वेळ आली होती, म्हणून मी घरी जाऊन सगळ्यांसमोर नीट सांगितलं.

अर्धवट शिजलेलं डुकराचं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी होतो. मेंदूतली गाठ मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होते. ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांवरून, सांडपाण्यावरच्या भाजीवरून, कोथिंबीर-काकडीवरून कुणाच्याही पोटात जातात. आयुष्यभर शाकाहारी राहिलेल्या माणसालाही ही गाठ होते. ती शोभाताईंपासून कुणाला लागतही नाही. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग कोथिंबीर कशी धुवायची ते सांगा." वाहत्या पाण्यात पान न पान धुवायची, शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी हात साबणाने धुवायचे, हे ठरलं. त्या घरात ते आजही पाळलं जातं.

गाठ मेलेली असल्याने कृमीवरचं अल्बेंडाझोल देण्यात अर्थ नव्हता. उपचार झटक्यांवरच करायचे होते.

काय केलं

सुरुवात लेव्हेटिरासेटाम या फिटवरच्या औषधाने झाली. मोठी आकडी पुन्हा आली नाही, पण महिन्याभरात शोभाताईंची चिडचिड इतकी वाढली की मुलं त्यांच्यासमोर यायला बिचकू लागली. या औषधाने काहींना असं होतं. घरच्यांनी तो स्वभाव समजून सोडून दिलं असतं. मुलीनेच पुन्हा कळवलं. जानेवारी 2023 मध्ये हळूहळू कार्बामाझेपिन या फिटवरच्याच दुसऱ्या औषधावर आणलं. अंगावर पुरळ, तोंडात फोड किंवा ताप आला तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी यायचं, हे लिहून दिलं. रक्तातलं सोडियम मधूनमधून तपासलं. या औषधाने गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो, पण त्यांचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं असल्याने तो प्रश्न नव्हता.

यातली सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे भिंतीवरची दिनदर्शिका. दुधाच्या हिशेबाशेजारी, त्याच चौकोनात, वास आला तर एक ठिपका. हरवल्याचं कुणी पाहिलं तर ठिपक्याभोवती गोल. गोळी चुकली तर फुली. आकडी थांबली म्हणून घरचे निश्चिंत होते. फेब्रुवारीचं पान आठ ठिपक्यांचं निघालं. त्या पानावरूनच गोळीचा डोस वाढवला.

घरातल्या व्यवस्थाही बदलल्या. न्हाणीघराला आतून कडी नाही. तळणाचं काम एकटीने नाही. शेततळ्याकडे एकटं जाणं नाही, रॅकच्या वरच्या मजल्यावर चढणं नाही. स्कूटर बंद. हे त्यांना सर्वांत जड गेलं, कारण तासगावच्या बाजाराला त्या स्वतः जायच्या. लायसनच्या अर्जात अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो आणि त्याचं खरं उत्तर द्यावं लागतं.

कांदा आणि चप्पल यांवर सविस्तर बोललो. आकडी एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. चप्पल त्याच वेळी नाकाशी असते, म्हणून तिने थांबली असं वाटतं. याला एक कुतूहलाची जोड आहे. 1956 मध्ये रॉबर्ट एफ्रॉन यांनी अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध केली होती, जिचा वासाचा झटका अगदी सुरुवातीला दुसरा तीव्र वास दिला तर पुढे सरकत नसे. पण ती एका रुग्णाची, झटका पसरण्याआधीची गोष्ट. अंग झडू लागल्यावर हुंगवण्याने काही होत नाही, आणि दातांत काही घातलं तर दात तुटतो किंवा श्वास अडतो. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही द्यायचं, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना. शेडमधल्या बायकांनाही हे दाखवलं.

परिणाम

2023 च्या उन्हाळ्यापर्यंत गोल संपले, ठिपके उरले. पावसाळ्यानंतर ठिपकेही विरळ झाले. त्या दिवाळीत दोन ठिपके आले, दोन्ही फुलीच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर चौकोनात दुधाचा हिशेब एवढाच.

शोभाताई हंगामात पुन्हा निवडणीवर बसतात. धुरीचा खरा वास आला की शेजारणीला विचारून खात्री करतात. कुणाला न कळता मनातल्या मनात भिणं थांबलं, हे त्यांच्या लेखी गोळीइतकंच मोठं आहे.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैचा तो दिवस मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेड बंद आणि तरी वास, एवढी एक गोष्ट ॲसिडिटीची गोळी लिहिणाऱ्यापर्यंत पोचली असती तर ऑक्टोबरची आकडी बहुधा टळली असती. ती पोचली नाही, कारण सगळ्यांनी शोभाताईंना वासाबद्दल विचारलं, वास आल्यावर त्या कशा दिसतात हे घरच्यांना कुणी विचारलं नाही. हरवणाऱ्या माणसाला आपण हरवलो हे ठाऊक नसतं. सोबतच्या माणसाला, त्यातही घरातल्या मुलांना विचारणं आणि मोबाईलवर व्हिडिओ काढायला सांगणं, याला पैसा लागत नाही.

दुसरं, दिनदर्शिकेवरच्या खुणा लेव्हेटिरासेटामच्या पहिल्या दिवसापासून सुरू करायला हव्यात. आकडी थांबणं म्हणजे आजार थांबणं नव्हे, हे पानावर दिसतं. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही ठिपके राहिले तर तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षं घालवण्यापेक्षा शस्त्रक्रियेच्या विचारासाठी मोठ्या केंद्राकडे पाठवायला हवं. टेम्पोरल लोबच्या अपस्मारात निवडक रुग्णांना तिचा चांगला उपयोग होतो. शोभाताईंवर ती वेळ आली नाही.

तिसरं, मुलीच्या लग्नाची काळजी. "आईला फिट येते" हे कळलं तर स्थळं येणार नाहीत, म्हणून आजार लपवायचा असं आत्तापासून घरात बोललं जातं. ही गाठ आईकडून मुलीकडे जात नाही. आणि खुद्द रुग्णाच्या बाबतीतही, हिंदू विवाह कायद्यातल्या लग्नाच्या अटींमधून अपस्माराचा उल्लेख 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकला आहे. ही माहिती पहिल्या भेटीतच द्यायला हवी, कारण लपवायचं ठरलं की गोळ्याही लपूनच घेतल्या जातात, आणि चुकतात.

गोळी बंद कधी करायची हा निर्णय अजून व्हायचा आहे. शोभाताईंना ती बंद व्हावीशी वाटते. नवरा नको म्हणतो. कॅल्शियमची गाठ तिथेच राहणार आहे आणि अशा रुग्णांत गोळी थांबवल्यावर झटके परतण्याचा धोका जास्त असतो, म्हणून न्यूरोलॉजिस्ट घाईत नाहीत. पुढच्या भेटीला तिघंही येणार आहेत, येताना दोन वर्षांच्या दिनदर्शिका घेऊन.